नदी, नाखवा आणि सरकार
(मिसिसिपी नदीवरील नौकानयनाच्या सुरक्षिततेचा इतिहास)

आपल्या ज्ञातीतील बहुतेक जुन्या घराण्यांचा चरितार्थ एके काळी खाडीवर आणि बंदरावर चालत असे, हे या अंकाच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. कोणाचे आजोबा तांडेल, कोणाचे पणजोबा आगबोटीवर सारंग, तर कोणाच्या दारी स्वतःचा मचवा. त्यामुळे 'रामदास' हे नाव निघाले की आजही आपल्या घरांतील वयोवृद्ध माणसे क्षणभर स्तब्ध होतात. दिनांक १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ती आगबोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. आमचा जन्म त्यानंतरचा. परंतु लहानपणी पडवीत बसून ऐकलेला वडीलधाऱ्यांचा वाद आम्हांस चांगला स्मरतो. आगबोटीची काळजी वाहण्याचे काम कोणाचे, मालकाचे, सरकारचे की सुकाणूवर बसणाऱ्याचे, असा तो वाद असे. आणि रात्र सरली तरी तो मिटत नसे.

हाच वाद सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेतील मिसिसिपी नदीवर सुमारे दोनशे वर्षे चालला, आणि तेथे तो नुसता पडवीत न राहता कायद्याच्या पुस्तकांत उतरला. शाळेत भूगोल शिकविताना या नदीची लांबी सुमारे ३,७०० किलोमीटर, एवढे मुलांकडून घोकून घेण्यापलीकडे आम्ही फारसे काही केले नाही, हे येथे प्रांजळपणे कबूल करतो. सेवानिवृत्तीनंतर सवडीने वाचन घडले तेव्हा त्या आकड्यामागील माणसे दिसू लागली.

या नदीवर पहिली आगबोट आली ती १८११ साली. तिचे नाव 'न्यू ऑर्लिअन्स'. पिट्सबर्गहून ओहायो नदीमार्गे ती निघाली, वाटेत डिसेंबर महिन्यात न्यू माद्रिदच्या प्रसिद्ध भूकंपाने काठचे काठ ढासळताना तिच्यावरील मंडळींनी पाहिले, आणि तरीही जानेवारी १८१२ मध्ये ती सुखरूप मुक्कामी पोहोचली. भूकंपातून वाचलेली ही बोट पुढे १८१४ साली कशाने बुडावी? पाण्याखालील एका झाडाच्या बुंध्याने! मिसिसिपीचे काठ मऊ गाळाचे. पावसाळी पुरात ते खचतात, अंगावरील वृक्षांसह नदीत पडतात, मुळे तळाच्या चिखलात रुततात आणि शेंडा प्रवाहाच्या दिशेने कलता राहतो. काही बुंधे स्थिर उभे, तर काही पाण्याच्या ओढीने खालीवर हलणारे. या हलणाऱ्यांस तेथील नावाडी 'करवत्या' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. लाकडी बोटीचा तळ त्यावर आला की तो फाटलाच म्हणून समजावे.

हे संकट एकट्यादुकट्या मालकाने निवारण्याजोगे नव्हते. एकाने पदरमोड करून ओंडका काढावा आणि फायदा सर्वांनी घ्यावा, असे कोण करील? १८२४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने ओहायो व मिसिसिपी या नद्यांच्या सफाईसाठी ७५,००० डॉलर मंजूर केले. पण पैसा असला तरी युक्ती हवी, आणि ती युक्ती सरकारी कचेरीत नव्हती. ती होती हेन्री श्रीव्ह नावाच्या, स्वतः आगबोटी बांधून चालविणाऱ्या एका कप्तानापाशी. सरकारने त्याच मनुष्यास नदीसुधारणेचा अधीक्षक नेमले. त्याने १८२९ साली 'हेलिओपोलिस' ही जोडबोट पाण्यात आणली. दोन तळ शेजारी शेजारी, त्यांस समोरून जोडणारी लोखंडाने मढविलेली भक्कम तुळई. वाफेच्या संपूर्ण जोराने ती बोट ओंडक्यावर घालावयाची, म्हणजे तो मुळासकट हलतो किंवा मोडतो. मग यंत्राने वर ओढून त्याचे तुकडे करावयाचे. लोकांनी या बोटींस 'सरकारचे दात उपटणारे' असे गमतीचे नाव दिले होते. पुढे याच श्रीव्हने १८३३ पासून रेड नदीवरील शेकडो वर्षांचा ओंडक्यांचा प्रचंड थर फोडला. आजचे श्रीव्हपोर्ट शहर त्याचेच नाव धारण करते.

ओंडके हे नदीचे पाप. परंतु त्याहून भयंकर पाप माणसाचे होते, ते बॉयलरचे. मिसिसिपीवरील बोटींची यंत्रे उच्च दाबाची असत. नदीचे गढूळ पाणी तसेच बॉयलरात घेत, त्यामुळे आत गाळाची पुटे चढत. पाण्याची पातळी उतरली की नळ्या उघड्या पडून लाल होत. आणि दुसऱ्या बोटीशी शर्यत लागली की सुरक्षा-झडपेवर वजन ठेवून ती दाबून धरण्यासही काही लोक कमी करीत नसत. एप्रिल १८३८ मध्ये सिनसिनाटी येथे 'मोझेल' ही नवी कोरी बोट धक्क्यावरून निघताच उडाली. त्याच वर्षी जुलै महिन्यात पहिला कायदा झाला. सहा महिन्यांनी बॉयलर तपासावा, वर्षाने बोटीचा सांगाडा तपासावा, असे त्यात होते. पण तपासायचे कशावर, दाब किती असावा, पत्रा किती जाड असावा, याचे मापच नव्हते. आणि तपासनिसाची फी द्यावयाची बोटीच्या मालकाने! ज्याच्या हातून पैसे घ्यावयाचे त्याचीच बोट नापास करणारा तपासनीस विरळाच, हे आमच्या वाचकांस उलगडून सांगावयास नको.

वास्तविक ज्ञानाचा अभाव नव्हता. फिलाडेल्फिया येथील फ्रँकलिन इन्स्टिट्यूट या संस्थेने सरकारी अनुदानावर बॉयलर मुद्दाम फोडून पाहून, स्फोटाची कारणे १८३६ सालीच छापून ठेवली होती. अभाव होता तो ऐकण्याचा. मालक म्हणत, बोट ही आमची खाजगी मालमत्ता, तिच्या पोटात डोकावण्याचा सरकारला अधिकार कोणता? मध्ये चौदा वर्षे गेली. १८५१ साली इलिनॉय राज्यातील आल्फ्रेड गथ्री नावाचा एक इंजिनीअर स्वखर्चाने सुमारे २०० बोटींवर हिंडला, बॉयलर पाहिले, यंत्रवाल्यांशी बोलला. १८५२ चा कायदा त्याच्या निरीक्षणांवर पुष्कळसा आधारलेला आहे. त्या कायद्याने दाबाची मर्यादा ठरली, पाण्याच्या दाबाखाली बॉयलरची परीक्षा सक्तीची झाली, प्रवाशांची संख्या बांधली गेली, पायलट व इंजिनीअर यांस परवाना आवश्यक झाला. नऊ वरिष्ठ निरीक्षक नेमले गेले, आणि त्यांनी दर वर्षी एकत्र बसून आपापले अनुभव ताडून पाहावेत, असेही ठरले.

परवान्याच्या या गोष्टीत एक हृदयद्रावक प्रसंग आहे. सॅम्युएल क्लेमेन्स हा तरुण १८५८ साली 'पेनसिल्व्हेनिया' या बोटीवर पायलटाचा उमेदवार होता. आपल्या धाकट्या भावाला, हेन्रीला, त्यानेच त्या बोटीवर काम मिळवून दिले होते. वरिष्ठ पायलटाशी खटका उडाल्यामुळे सॅम्युएल त्या फेरीला बोटीवर नव्हता. १३ जून रोजी मेंफिसच्या दक्षिणेस बॉयलर फुटले आणि आठ दिवसांनी हेन्रीने प्राण सोडला. पुढल्याच वर्षी, ९ एप्रिल १८५९ रोजी, सॅम्युएलला पायलटाचा परवाना मिळाला. हाच पुढे मार्क ट्वेन या नावाने जगाला ठाऊक झाला.

आता येथे एक कटू सत्य सांगणे भाग आहे. सरकार आणि बोटवाले एक झाले म्हणजे कल्याणच होते, असा समज करून घेऊ नये. दोघे लोभाने एकत्र आले तर काय घडते, हे 'सुलताना'ने दाखवून दिले. एप्रिल १८६५, यादवी युद्ध संपले होते. शत्रूच्या छावण्यांतून सुटलेले, उपासमारीने खंगलेले सैनिक विक्सबर्गच्या धक्क्यावर घरी जाण्याची वाट पाहत होते. सरकार दर शिपायामागे ५ डॉलर भाडे देत होते. 'सुलताना'ची कायदेशीर क्षमता ३७६ माणसांची. तिच्यावर दोन हजारांहून अधिक चढविली. दुसऱ्या बोटी उपलब्ध असताना सर्वांस एकाच बोटीत कोंबले, यामागे लाचलुचपत असल्याचा आरोप तेव्हाच झाला. तिच्या एका बॉयलरास गळती होती; कारागीर म्हणत होता की नीट दुरुस्ती करावी, पण तिला वेळ लागणार आणि भाडे हातचे जाणार, म्हणून ठिगळ लावून काम भागविले. २७ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर मेंफिसच्या वर काही मैलांवर बॉयलर फुटले. बळींची संख्या बाराशे ते अठराशे अशी निरनिराळी दिली जाते. लिंकनच्या हत्येच्या गदारोळात ही वार्ता वृत्तपत्रांच्या आतल्या पानांत गेली. एका लष्करी अधिकाऱ्यास दोषी ठरविण्यात आले, तोही निकाल पुढे रद्द झाला; शिक्षा अशी कोणालाच झाली नाही. ज्याने परवाना द्यावयाचा, ज्याने माणसे मोजावयाची आणि ज्याने सुकाणू धरावयाचे, त्या सर्वांनी एकदमच डोळे मिटले, तर कायद्याचे पुस्तक कितीही जाड असो, ते पाण्यात तरंगत नाही.

१८७१ साली कायदा अधिक कडक झाला व कप्तानासही परवाना लागू लागला. १८७४ पासून काठावर खांबांचे दिवे आले, आणि ते सांभाळण्याचे काम नदीकाठच्या साध्या शेतकऱ्यांनी अल्प मासिक वेतनावर केले. त्या दिव्यांनी किती पायलटांचे हात स्थिर केले असतील!

परंतु कायद्यात एक भगदाड राहून गेले. तो लिहिला होता 'वाफेच्या' बोटींसाठी. विसाव्या शतकात डिझेल आले, प्रवासी बोटी मागे पडल्या, आणि नदीवर राज्य सुरू झाले ते टोबोटींचे. (नाव ओढण्याचे, काम ढकलण्याचे.) मिसिसिपीच्या वरच्या भागात अशी एक बोट पंधरा बार्जेस एकत्र बांधून पुढे ढकलते, आणि एकेका बार्जवर सुमारे १,५०० टन माल असतो. एवढे धूड चालविणाऱ्या डिझेल बोटीची सरकारी तपासणी मात्र सक्तीची नव्हती! चालकास परवाना लागू झाला तोही १९७२ च्या कायद्याने.

२२ सप्टेंबर १९९३ च्या पहाटेस अलाबामा राज्यात दाट धुक्यात एक टोबोट मोबील नदी सोडून चुकीच्या फाट्यात शिरली. तिच्यावर होकायंत्र नव्हते. रडार होते, पण चालविणाऱ्यास ते नीट वाचण्याचे शिक्षण मिळालेले नव्हते. तिच्या बार्जेस रेल्वेच्या पुलाला लागल्या, रूळ सरकले, आणि काही मिनिटांतच प्रवासी गाडी पाण्यात कोसळली. ४७ माणसे गेली. आपण पुलाला धडकलो आहोत, हेही त्या बोटीवरील माणसांस प्रथम समजले नव्हते.

यानंतर जे घडले ते आम्हांस विशेष वाटते. 'अमेरिकन वॉटरवेज ऑपरेटर्स' ही बोटमालकांची संघटना १९४४ पासूनची. तिने १९९४ साली आपल्या सभासदांसाठी सुरक्षिततेची नियमावली आखली, आणि १९९५ साली अमेरिकेच्या कोस्ट गार्डबरोबर रीतसर सहकार्याचा करार केला. दोन्हीकडची माणसे एका टेबलाशी बसून विचारू लागली, की आपले खलाशी पाण्यात का पडतात, बोटी पुलांना का लागतात? मालक दोष लपवितो आणि अधिकारी दोष शोधतो, ही जुनी रीत काही अंशी सुटली. पण स्वेच्छेची नियमावली सभासदांपुरतीच. २६ मे २००२ रोजी आर्कान्सा नदीवर एका टोबोटीचा कप्तान सुकाणूवरच बेशुद्ध पडला, बार्जेस महामार्गाच्या पुलाला धडकल्या, पूल तुटला आणि वाहने एकामागून एक खाली गेली. १४ मृत्यू झाले. जवळच मासेमारीच्या स्पर्धेला आलेल्या कोळ्यांनी वर येणाऱ्या वाहनांच्या रोखाने अग्निबाण सोडला, तो एका ट्रकच्या काचेवर आदळला, आणि तेव्हा कोठे वाहतूक थांबली. सरकारी खाती आणि करारपत्रे त्या क्षणी दूर होती. वाचविले ते दोन मच्छिमारांच्या प्रसंगावधानाने.

२००४ साली टोबोटींचीही तपासणी सक्तीची करणारा कायदा झाला, आणि त्यास मालकांच्या त्याच संघटनेने पाठिंबा दिला. ज्यांच्या पणजोबांनी बोटीत डोकावण्याचा अधिकार कोणता, असे विचारले होते, त्यांनीच आता दार उघडले, हा पालट लहान नव्हे. अर्थात नियम प्रत्यक्ष छापून येण्यास २०१६ साल उजाडले. सरकारी काम तेथेही सरकारीच! २०२२ च्या ऑक्टोबरात मेंफिस येथे नदी तोवरच्या नीचांकास उतरली, तेव्हा बार्जेसच्या रांगा लागल्या. त्या वेळी किती बार्जेस बांधाव्यात, त्या किती खोल भराव्यात, हे कोस्ट गार्ड, लष्करी इंजिनीअर दल आणि बोटवाले यांनी एकमेकांशी बोलून ठरविले.

आपल्याकडे अंतर्गत जलमार्गांवरील आगबोटींचा कायदा १९१७ सालचा. तपासणीचे प्रमाणपत्र आणि सारंगाचा दाखला त्यातच सांगितलेला होता. त्याची जागा आता २०२१ च्या कायद्याने घेतली आहे. आमच्या घरी आजोबांचा असा एक दाखला होता. घर शाकारताना तो भिजला आणि आम्ही शाळेच्या धांदलीत तो जपला नाही, याची आज खंत वाटते. ज्या ज्ञातिबंधूंकडे वा भगिनींकडे सारंग, तांडेल वा इंजिन-चालक यांचे जुने दाखले, मचव्यांची नोंदपत्रे किंवा प्रवाशांची तिकिटे पेटाऱ्यात पडून असतील, त्यांनी ती मंडळाच्या कार्यालयात दाखवावीत. नक्कल उतरवून मूळ कागद त्याच दिवशी परत केला जाईल, आणि पुढील वर्षीच्या अंकात त्यांची यादी घराण्यांच्या नावांसह देण्याचा आमचा विचार आहे.