धावेचा सांधा आणि पद्मिनीचा पत्रा

परभणी जिल्ह्यात लोखंडाला लोखंड जोडण्याची विद्या मोटारीच्या कितीतरी आधीची आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढणारी लोखंडी धाव ही तिची सर्वांत परिचित खूण. घिसाडी किंवा लोहार लोखंडी पट्टी गोल वाकवीत, तिची टोके ठोकून निमुळती करीत, भात्याच्या वाऱ्यावर ती पांढरीशुभ्र तापवीत आणि ऐरणीवर एकावर एक ठेवून घणाच्या घावांनी एकजीव करीत. मग अख्खी धाव पुन्हा तापवून चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचे. आकसणारे लोखंड लाकूड घट्ट आवळून घेई. पट्टी जाड होती, म्हणून ती एवढी उष्णता पचवू शकत असे. जुनी मोटार घरच्या घरी पूर्ववत करू पाहणाऱ्याने कोणते वेल्डिंग यंत्र घ्यावे, या आजच्या प्रश्नाचे मर्म या जाडीतच दडलेले आहे.

मोटार या भागात आली ती निजामाच्या राजवटीत. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी हैदराबाद संस्थानात होती. निजामाच्या ताफ्यातली १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉइस ‘सिल्व्हर घोस्ट’ प्रसिद्धच आहे. सामान्य रयतेला मोटारीचे वारे लागले ते बसमुळे. निजामाच्या सरकारी रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्या घेऊन रस्ते वाहतूक विभाग उघडला. त्या पिढीच्या मोटारीत खाली लोखंडी चेसिस असे आणि वर बहुधा लाकडी सांगाडा, त्यावर पत्रा ठोकलेला. अशा गाडीच्या जीर्णोद्धारात पहिला मान सुताराचा, वेल्डरचा नव्हे. हे सांगणे आवश्यक आहे, कारण ‘जुनी गाडी’ या दोन शब्दांत अगदी निरनिराळ्या जातीची यंत्रे कोंबली जातात.

खरा पालट घडला तो पत्र्याला पत्रा विजेने जोडता येऊ लागल्यावर. एलिहू थॉमसन या अमेरिकी संशोधकाने १८८० च्या दशकात रोधजोडणीची पद्धत शोधली : दोन पत्रे दाबून धरायचे, त्यांतून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडायचा, आणि सांध्यावरच निर्माण झालेल्या उष्णतेने ते एकजीव करायचे. त्यातूनच स्पॉट वेल्डिंग आले. एडवर्ड बड याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संपूर्ण पोलादी काया कारखान्यात घडवून दाखवली. १९३४ मध्ये फ्रान्सच्या सित्रोएनने तर निराळी चेसिसच काढून टाकली; पत्र्याची पोकळ, एकसंध काया हाच गाडीचा कणा झाला.

ही कल्पना महाराष्ट्रात रुजली ती कुर्ल्यात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने पुढे फियाट ११०० बनवायला घेतली, आणि १९७४ पासून तिच्याच वंशातली गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून घरोघर ओळखली जाऊ लागली. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही. तिचा भार तळाचा पत्रा आणि दाराखालच्या पोकळ पट्ट्या वाहतात, आणि हा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपासचा. जीपचे तसे नाही. तिची जाड पोलादी चेसिस स्वतंत्र असते आणि काया तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असते.

गोदावरी-पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती चाकाच्या कमानीत आणि पोकळ पट्ट्यांच्या सांध्यांत जाऊन बसते, ओल धरून ठेवते, आणि पत्रा आतून सडतो. वरून रंग धड दिसतो, स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार जातो. आता दुरुस्तीला हाताशी काय असते? नांगर, ट्रॉल्या आणि गेट जोडणारे रॉडचे वेल्डिंग. ऑस्कर शेलबर्ग या स्वीडिश अभियंत्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आणलेला लेपयुक्त रॉड हा बोटींसारख्या जाड पोलादासाठी होता, आणि त्या कामात त्याला आजही तोड नाही. पद्मिनीच्या तळाला मात्र तो लावताच भोक पडते, भोक बुजवायला पुन्हा रॉड, की आणखी मोठे भोक. शेवटी वर जाड पत्र्याचे ठिगळ बसते, दोन थरांत पाणी साचते आणि गंज दुप्पट वेगाने परततो. अनेक जुन्या गाड्या गंजाने जितक्या मेल्या, तितक्याच अशा उपचाराने मेल्या असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

जुन्या डेंटरांचे साधन वेगळे होते : ऑक्सिजन आणि कार्बाइडपासून मिळणारा ॲसिटिलीन वायू. या ज्योतीचा सांधा मऊ राहतो, हातोडीने ठोकून सपाट करता येतो. कुशल हातांची ती अजोड कला आहे. पण ज्योत भोवतालचा पत्राही तापवते, मोठा सपाट भाग लाटांसारखा वाकतो, आणि ज्वलनशील वायू घरात साठवणे शहाणपणाचे नाही.

बाजारात ज्याला ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात ती टिग पद्धत १९४० च्या दशकारंभी अमेरिकेतील विमानउद्योगात, मॅग्नेशियम जोडण्याच्या गरजेतून पुढे आली. तिचा सांधा सर्वांत देखणा. पण तिला झळझळीत स्वच्छ धातू लागतो, दोन्ही हात गुंततात, आणि गाडीखाली आडवे पडून गंजक्या पत्र्यावर ती चालवणे नवशिक्याची परीक्षाच.

राहिली मिग, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत ‘सीओटू’. १९४८ मध्ये अमेरिकेतील बॅटेल संस्थेत ती प्रथम ॲल्युमिनियमसाठी विकसित झाली. १९५० च्या दशकात महागड्या निष्क्रिय वायूऐवजी कार्बन डाय-ऑक्साइड वापरता येऊ लागला आणि ती पोलादासाठी स्वस्त झाली. घोडा दाबला की तार आपोआप पुढे सरकते, एक हात मोकळा राहतो. पद्मिनीसारख्या गाडीसाठी घरगुती यंत्र म्हणून निवड हिचीच व्हावी.

मात्र खरेदीला गेलेला माणूस नेमका चुकीचा आकडा विचारतो. दुकानदार २०० किंवा ४०० ॲम्पियर सांगतो, आणि मोठा आकडा मोठ्या मोलाचा वाटतो. पातळ पत्र्याला महत्त्व किमान प्रवाहाचे. यंत्र ३० ॲम्पियरपर्यंत खाली उतरून ठिणगी स्थिर ठेवते का, आणि ०.६ मिलिमीटरची तार त्यात चालते का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. वायू आर्गन आणि कार्बन डाय-ऑक्साइडचा मिश्र असावा. शुद्ध कार्बन डाय-ऑक्साइड चालतो, पण शिंतोडे अधिक उडतात. ‘गॅसविना मिग’ म्हणून विकली जाणारी पोकळ तारेची सोय जीपच्या चेसिसला ठीक, पद्मिनीच्या पत्र्याला तापट.

वीज हीही या निवडीतली बाब. घरगुती जोडणी बहुधा सिंगल फेज, आणि खेड्यात व्होल्टेज संध्याकाळी खाली येते. सुदैवाने ६० ॲम्पियरच्या ठिणगीला सुमारे १७ व्होल्ट पुरतात, म्हणजे ठिणगीची शक्ती जेमतेम १ किलोवॉट. कमी व्होल्टेज सोसणारे इन्व्हर्टर यंत्र १६ ॲम्पियरच्या चांगल्या सॉकेटवर हे काम करते. बारीक वायरचे लांबलचक एक्स्टेंशन मात्र टाळावे. उघड्या अंगणात वारा वायू उडवून नेतो, तेव्हा आडोसा हवा. पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी आणि बॅटरीची तार सोडवावी, मग यंत्राला हात लावावा.

जोडतानाही कारखान्याचीच चाल गिरवावी. जिथे स्पॉट वेल्डिंग होते तिथे वरच्या पत्र्याला भोक पाडून ते तारेने भरावे. दाराखालची पट्टी कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवा टेकू लावावा, नाहीतर काया खचते आणि दार पुन्हा कधीच नीट बसत नाही. सलग रेघ ओढू नये. लांब-लांब टाके घालीत, मध्ये पत्रा निवू देत पुढे जावे.

या सगळ्याला आता कायद्याचीही बाजू आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या मोटारीला व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते, तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पण चेसिस, काया वा इंजिनात भरीव फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. पहिल्या पद्मिनी त्या वयाला आत्ताच पोचल्या आहेत. म्हणून कापलेला प्रत्येक तुकडा नवा पत्रा बसेपर्यंत नमुना म्हणून जपावा, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढावे, आणि चेसिस क्रमांक कोरलेल्या भागाला ग्राइंडर चुकूनही लावू नये.