तिकीट नसलेलं रणांगण: असई, १८०३

या भागाचं हे लिखित रूप. प्रवासात ऐकताना गावांची नावं निसटतात, नकाशावर शोधायची असतात, म्हणून जवळपास जसं बोललो तसंच उतरवलंय.

"जालन्याजवळ एका दिवसात काय बघून होईल?" हा प्रश्न पावसाळा सरत आला की हमखास येतो. नेहमीची उत्तरं तुम्हालाही पाठ असतील. राजूरचा गणपती, फक्त अंगारकीला जाऊ नका, गाडी लावायला जागा मिळत नाही. अंबडची मत्स्योदरी. घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ, जिथे १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. शहरातच संध्याकाळ काढायची असेल तर मोती तलाव. आणि मग ग्रुपमधलं कुणीतरी म्हणतंच, "त्यापेक्षा सरळ अजिंठ्याला जाऊ ना!"

आज मी या यादीत सहसा नसलेलं एक गाव सांगणारे. पण सुरुवात करतो इंग्लंडमधून, समुद्रकाठच्या एका गावापासून.

इंग्लंडच्या केंट भागात डील नावाचं समुद्रकाठचं शहर आहे. त्याला लागूनच वॉल्मर. गोट्यांचा किनारा, वारा, आणि किनाऱ्यालगत एक बुटका, गोलसर बुरुजांचा किल्ला. आठव्या हेन्री राजाने १५४० च्या सुमारास तो तोफांसाठी बांधला. आज तिथे लोक सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन जातात. तिकीट काढायचं, बाग बघायची, चहा घ्यायचा, आणि आत एका साध्याशा खोलीत जाऊन एक खुर्ची बघायची. १४ सप्टेंबर १८५२ रोजी याच किल्ल्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टन वारला. त्याची ती आरामखुर्ची, लष्करी छावणीतली घडीची खाट आणि बूट, सगळं जपून ठेवलंय. हो, तेच वेलिंग्टन बूट. आपण ज्यांना गमबूट म्हणतो त्यांना इंग्लंडमध्ये अजून याच माणसाचं नाव आहे.

या वस्तू आपोआप टिकलेल्या नाहीत. त्या किल्ल्यात नंतर राहायला आलेला डब्ल्यू. एच. स्मिथ नावाचा एक मंत्री होता. रेल्वे स्टेशनांवरच्या पुस्तकांच्या दुकानांवर त्याच्या घराण्याचा पैसा उभा होता. किल्ल्यातल्या ऐतिहासिक वस्तू पुढच्या कुणी विकू नयेत, त्या तिथेच राहाव्यात, यासाठी त्याने खटपट केली. म्हणून ती खुर्ची आज जागेवर आहे.

आता मुद्दा. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या या माणसाला उतारवयात कुणीतरी विचारलं, की लढाईच्या कामात तुम्ही केलेली सगळ्यात चांगली गोष्ट कोणती? त्याने एका शब्दात उत्तर दिलं, आणि तो शब्द वॉटर्लू नव्हता. तो होता असई. आपल्या जालना जिल्ह्यातली असई!

१८०३ साली तो ड्यूक वगैरे नव्हता. नुसता आर्थर वेलस्ली, वय ३४, मेजर जनरल, आणि गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ. म्हणजे वशिल्याची कुजबुज पाठीमागे चालूच होती. समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांचं एकत्र सैन्य. २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतलं होतं. २१ तारखेला बदनापूरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन भेटले. बदनापूर, बरं का, जिथून आपण संभाजीनगरला जाताना सरळ पुढे निघून जातो. ठरलं असं, की दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी उत्तरेकडे निघायचं आणि २४ तारखेला भोकरदनच्या बाजूला मिळून हल्ला करायचा.

२३ ला दुपारी वेलस्लीला कळलं, की मराठी सैन्य अंदाजापेक्षा खूपच जवळ आहे. स्टीव्हन्सन अजून लांब होता. फौज सकाळपासून चालून थकलेली. थांबलो तर समोरचे निघून जातील, म्हणून त्याने एकट्यानेच लढायचं ठरवलं.

पुढचा भाग मला स्वतःला फार आवडतो, म्हणून जरा रेंगाळतो. नकाशा उघडा. भोकरदन आणि जाफराबादच्या मधे दोन नद्या दिसतील, दक्षिणेला केळणा आणि उत्तरेला जुई. दोघी पूर्वेकडे वाहत जाऊन मिळतात, त्यामुळे मधे जिभेसारखा एक निमुळता पट्टा तयार होतो. मराठी फौज केळणेच्या पलीकडच्या काठाला, दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. नदीचा काठ उंच, समोर शंभराच्या आसपास तोफा. समोरून नदी ओलांडणं म्हणजे आत्महत्या. वेलस्लीला पूर्वेकडून वळसा घालून त्या जिभेत शिरायचं होतं. पण त्यासाठी नदीला उतार हवा, म्हणजे पायी ओलांडता येईल अशी जागा. वाटाड्यांनी सांगितलं, तिकडे उतार नाही.

त्याने दुर्बिणीतून पाहिलं. अलीकडच्या काठावर एक गाव, पिंपळगाव. पलीकडच्या काठावर, अगदी समोर, दुसरं गाव, वरूड. तो म्हणाला, इतकी जवळ, समोरासमोर दोन गावं लोक उगाच वसवणार नाहीत. यांच्यात येणंजाणं असणारच, म्हणजे इथे उतार असणारच. माणूस पाठवून खात्री केली, आणि उतार निघाला.

मी दिवसभर डेटा बघणारा माणूस. नोकरीत आम्ही याच गोष्टीला मोठमोठी नावं देतो. इथे काय होतं? दोन ठिपके, आणि त्यांच्यामधली न दिसणारी रेघ. आणि ती रेघ आखली होती वरूड-पिंपळगावच्या लोकांनी: बाजाराला, शेताला, सोयरिकीला नदी ओलांडून ओलांडून. त्यांच्या पायवाटेवरून इंग्रजांची फौज पलीकडे गेली. वाटाड्यांना खरंच माहीत नव्हतं, की सांगायचं नव्हतं? मला दुसरी शक्यता जास्त पटते.

नदी ओलांडतानाच मराठी तोफांचा मारा सुरू झाला. वेलस्लीच्या शेजारच्या घोडेस्वाराचं डोकं गोळ्याने उडालं. आणि पलीकडे गेल्यावर वेलस्लीला धक्काच बसला. त्याला वाटत होतं, बाजूने शिरलो की समोरच्यांची रांग कोलमडेल. पण शिंद्यांचं कवायती पायदळ अख्खंच्या अख्खं काटकोनात वळलं आणि तोफांसकट नवी रांग धरून उभं राहिलं. उजवी बाजू केळणेला टेकलेली, डावी असई गावाला. हे करायला वर्षानुवर्षांची कवायत लागते. महादजी शिंद्यांनी युरोपियन अधिकारी नेमून घडवलेल्या फौजेचा हा वारसा.

त्या दिवशी या पायदळाची कमान अँथनी पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाकडे होती. तो एकेकाळी कंपनीच्याच फौजेत सार्जंट होता. बेगम समरूच्या पलटणीही होत्या. दुसरीकडे, वेलस्लीची फौज "इंग्रज" म्हणायची, पण त्यात दोन स्कॉटिश पलटणी आणि एक गोरं घोडदळ सोडलं तर बाकी मद्रासचे शिपाई, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार. होय, पेशव्यांचे. "मराठे विरुद्ध इंग्रज" असं एका ओळीत लिहिलं की हे सगळं गाळलं जातं.

लढाई सुरू होण्याआधीच शिंद्यांच्या फौजेला एक भगदाड पडलं होतं. कंपनीने जाहीर केलं होतं, की शिंद्यांकडे नोकरी करणारे ब्रिटिश अधिकारी सोडून आले तर त्यांची सोय लावू. बरेच गेले. ऐन लढाईच्या तोंडावर अनुभवी माणसं निघून गेल्यावर टीमचं काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तोफांपुढे इंग्रजांची हानी भयंकर झाली. उजवीकडची तुकडी वाट चुकून थेट असई गावाच्या रोखाने गेली. तिच्या मागोमाग ७४ वी हायलँडर्स पलटण गेली, आणि गावातल्या तोफांनी ती जवळजवळ कापून काढली. घोडदळाने धावून जाऊन उरलेल्यांना वाचवलं. दुसऱ्या बाजूला मराठी गोलंदाज, म्हणजे तोफा चालवणारे, संगिनी अंगावर येईपर्यंत तोफा सोडून हलले नाहीत. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडले, आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांच्याच पाठीवर तोफा डागू लागले. वेलस्लीला परत फिरून तेच मैदान पुन्हा जिंकावं लागलं.

संध्याकाळी पोलमनची फौज जुईपलीकडे निघून गेली. पाठलाग करण्याइतका दम इंग्रजांत उरला नव्हता. त्यांचे ४२८ ठार, ११३८ जखमी. प्रत्यक्ष लढलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा. मराठ्यांचे १२०० मृत मैदानावर पडल्याचं वेलस्लीने लिहिलं, जखमींची मोजणी नाही. त्या रात्री तो मेलेल्या माणसांच्या मधेच झोपला. पुढे त्याने पत्रात लिहिलं, की इतका फायदा होणार असला तरी असं नुकसान पुन्हा बघायची इच्छा नाही.

जखमींना अजिंठ्याला नेलं. तिथल्या गढीत दवाखाना उघडला. गंमत बघा, लेण्यांपासून काही मैलांवर हे लोक पडून होते, आणि जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी त्या लेण्यांपर्यंत पोचला तो १८१९ साली.

मग प्रश्न पडतो, की विजेत्याची खुर्चीसुद्धा समुद्रकाठी जपली गेली, आणि लढाई जिथे झाली ते गाव आपल्या रविवारच्या यादीतही नाही, असं का? "आपण हरलो म्हणून" हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. पानिपतही हरलो होतो, आणि पानिपत आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. माझा अंदाज वेगळा आहे. १८०३ नंतर हा मुलूख निजामाच्या राज्यात राहिला, आणि निजाम तर या युद्धात इंग्रजांचा दोस्त. शिंद्यांच्या गोलंदाजांची आठवण ठेवण्यात त्या दरबाराला काय रस असणार? १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला तेव्हा सांगायला ताजा आणि मोठा इतिहास होता. पुण्याच्या इतिहासकारांसाठी शिंदे उत्तरेतले, रणांगण निजामाचं. असई कुणाच्याच वाट्याला आली नाही. ७४ व्या पलटणीच्या ठार झालेल्या अधिकाऱ्यांची नावं नोंदलेली आहेत. तोफेजवळ मेलेल्या एकाही मराठी गोलंदाजाचं नाव मला आजवर कुठे सापडलेलं नाही.

बर्नार्ड कॉर्नवेलची शार्प नावाच्या सैनिकावर इंग्रजी कादंबऱ्यांची एक मालिका आहे. त्यातली 'शार्प्स ट्रायम्फ' ही १९९८ ची कादंबरी असईच्या लढाईवर आहे. म्हणजे लंडनच्या लोकलमधल्या एखाद्याला केळणा नदी माहीत असू शकते, आणि जालन्याच्या बसस्टँडवर विचारलं तर...? विचारून बघा.

तर जायचं कसं. जालन्याहून राजूरमार्गे भोकरदन, तिथून पूर्वेला जाफराबादच्या दिशेने. स्वतःची गाडी असलेली बरी. सप्टेंबरच्या शेवटी गेलात तर नदीला पाणी असतं, म्हणजे त्या दिवशीचं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. तिकीट खिडकी नाही, बाग नाही, खुर्ची नाही. शेतं आहेत, लोकांची आहेत, उभ्या पिकात शिरू नका. पाणी आणि नाष्टा भोकरदनलाच घ्या. आधी नदीकाठी जा, वरूड आणि पिंपळगाव समोरासमोर कशी आहेत ते बघा, मग असईकडे वळा. उलट क्रमाने गेलात तर लढाई कळत नाही. काठावर बसलेल्या एखाद्या आजोबांना "इथून नदी कुठे ओलांडतात?" एवढं विचारा. बाकी ते स्वतःच सांगतील.

पुढच्या भागात ३० डिसेंबर १८०३ चा सुर्जी-अंजनगावचा तह. त्यात शिंद्यांच्या हातून काय काय गेलं, ते नकाशा घेऊन बघू.