शेंबूड, बेडका आणि फुफ्फुसांचा पहारा

खोकताना बेडका पडला की बहुतेकांना वाटतं, ही घाण आहे, ती लगेच बंद झाली पाहिजे. तुम्हालाही तसंच वाटत असेल तर त्यात नवल नाही. हा चिकट पदार्थ कशासाठी असतो, हे कळायला वैद्यकशास्त्रालाही कित्येक शतकं लागली.

प्राचीन ग्रीक वैद्य मानत, की कफ मेंदूतून नाकात आणि छातीत झिरपतो. युरोपात हा समज दीड हजारांहून अधिक वर्षं टिकला. १६६०च्या सुमारास जर्मनीतल्या व्हिटेनबर्गच्या कोनराड श्नायडर यांनी दाखवून दिलं, की मेंदूतून नाकात यायला अशी वाटच नाही. शेंबूड नाकाच्या ओल्या अस्तरातच तयार होतो.

१८३४ मध्ये पुर्किन्ये आणि व्हॅलेंटिन यांनी प्राण्यांच्या श्वसनमार्गात हलणाऱ्या सूक्ष्म केसांचं वर्णन केलं. आपण रोज सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. त्यातली धूळ आणि जंतू कफाच्या पातळ थरात अडकतात आणि हे केस तो थर सतत घशाकडे ढकलतात. तिथून आपण तो नकळत गिळतो.

पण कफ जंतूंना नुसता अडकवतो का? १९२१ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सर्दी झाली होती. त्यांनी स्वतःचा शेंबूड जंतूंवर तपासला, तर काही जंतू चक्क विरघळले! त्यातल्या द्रव्याला त्यांनी लायसोझाइम हे नाव दिलं. पेनिसिलिनचा शोध त्यानंतर सात वर्षांनी लागला. गंभीर आजाराच्या अनेक जंतूंपुढे लायसोझाइम एकटं कमी पडतं, पण कफात जंतूंशी लढणारी इतरही द्रव्यं असतात.

हा पहारा बिघडला तर काय होतं, हे सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात दिसतं. त्याचं जनुक १९८९ मध्ये सापडलं. या रुग्णांचा कफ इतका घट्ट होतो, की तो पुढे सरकत नाही. मग जंतू तिथेच ठाण मांडतात आणि फुफ्फुसं हळूहळू खराब होतात.

म्हणून ‘कफ सुकवायचं’ औषध स्वतःच्या मनाने घेऊ नका. कफ पातळ राहून बाहेर पडणं महत्त्वाचं. पुरेसं पाणी प्या. विडी-सिगारेट सोडा, कारण धुरामुळे ते सूक्ष्म केस निकामी होतात. पिवळा-हिरवा रंग मुख्यतः आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि तो साध्या विषाणूजन्य सर्दीतही दिसतो. केवळ रंग बघून अँटिबायोटिक घेऊ नका.

मात्र कफात रक्त दिसलं, धाप लागली, ताप उतरत नसला किंवा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर डॉक्टरांना दाखवा आणि बेडका तपासून घ्या.