कुत्र्याचं सुतक

मार्चमधली गोष्ट. मंगळवारी सकाळी नऊ वाजता आमच्या मोतीला डॉक्टरांनी शेवटचं इंजेक्शन दिलं आणि दहा वाजता मी क्लायंटच्या कॉन्फरन्स कॉलवर होतो. आजोबा गेले तेव्हा ऑफिसने न मागता तीन दिवसांची रजा दिली होती. मोती साडेदहा वर्षं रोज दारात माझी वाट बघायचा, पण त्याच्यासाठी रजा कुठल्या तोंडाने मागायची?

रात्री बायकोने त्याची पाण्याची वाटी घासली, पालथी घातली आणि तिथेच खाली बसली. तेव्हा आठ वर्षांच्या रेवाने विचारलं, "बाबा, आपल्याला आता सुतक आहे का?"

मी "नाही" म्हटलं. ते तिला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. भारतात फोन केला तर आई म्हणाली, "अरे, लोकांची माणसं जातात, आणि तू कुत्र्यासाठी रडतोस?" बाबा काहीच बोलले नाहीत.

मी कॉम्प्युटर इंजिनियर. काही बिनसलं की जुने लॉग उघडून बसायची सवय. त्याच सवयीने इतिहास उघडला. माझ्याआधी कुणी कुत्र्यासाठी रडलंय का, एवढंच बघायचं होतं.

तर मंडळी, चौदा हजार वर्षांपासून माणसं रडतायत!

जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली दगडाच्या खाणीत एक दफन सापडलं. एक पुरुष, एक बाई आणि एक कुत्रा. काळ सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा, म्हणजे शेतीसुद्धा सुरू झालेली नव्हती. ते पिल्लू जेमतेम सात महिन्यांचं होतं. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून त्याला डिस्टेंपर झाला असावा, असा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काढलेला आहे. या आजारात कुणी काळजी घेतल्याशिवाय ते इतके आठवडे जगणं कठीण होतं. आजारी पिल्लू शिकारीला उपयोगाचं नाही, राखणीलाही नाही. तरी कुणीतरी त्याला पाणी पाजलं, ऊब दिली. हे वाचलं आणि मोतीचे शेवटचे दोन महिने आठवले. मी हाताने भात भरवायचो आणि तो माझं मन राखायला दोन घास खायचा.

रेवाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र इजिप्तमध्ये मिळालं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय की इजिप्तमध्ये घरातलं मांजर मेलं तर घरातली माणसं भुवया काढत, आणि कुत्रा मेला तर डोक्यासकट सगळ्या अंगाचे केस. म्हणजे सुतकच की!

आपल्याकडे काय? महाभारतातलं महाप्रस्थानिक पर्व सगळ्यांना ठाऊक आहे. द्रौपदी आणि चार भाऊ वाटेत पडले, तरी युधिष्ठिर चालत राहिला. पण सोबतच्या कुत्र्याला सोडून इंद्राच्या रथात बसायला त्याने साफ नकार दिला. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता हे नंतर कळतं. नकार देताना युधिष्ठिराला ते माहीत नव्हतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

रायगडावरच्या वाघ्याबद्दल वाद आहे. समकालीन साधनांत त्याचा उल्लेख सापडत नाही, आणि तिथला पुतळा १९३६ सालचा. पण आमच्या साताऱ्याजवळ माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं सांगतात. १७४९ साली महाराज गेले. छत्रपतींच्या घराण्यातल्या समाध्या आहेत त्याच काठावर हा दगडी कुत्रा अजून बसलेला आहे.

इथे अमेरिकेतही शोधलं. न्यूयॉर्कजवळ हार्ट्सडेलला प्राण्यांची दफनभूमी आहे. १८९६ साली सॅम्युअल जॉन्सन नावाच्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे एक बाई आल्या. त्यांचा कुत्रा गेला होता आणि शहरात पुरायला जागा नव्हती. डॉक्टरांनी आपल्या सफरचंदांच्या बागेत जागा दिली. तिथून हे सुरू झालं. मे महिन्यात आम्ही तिघं न्यू जर्सीहून गाडी काढून तिथे गेलो. टेकडीच्या उतारावर दगडच दगड, आणि युद्धात कामी आलेल्या कुत्र्यांचं १९२३ सालचं स्मारक. रेवा प्रत्येक दगडावरचं नाव मोठ्याने वाचत होती. एका दगडासमोर एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून नुसते बसले होते. मला पहिल्यांदाच मोकळं रडता आलं.

केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने ज्या दुःखाला समाज मान्यता देत नाही त्याबद्दल १९८९ साली पुस्तकच काढलं. रजा नाही, दहावा-तेरावा नाही, भेटायला कुणी येत नाही. असं दुःख आत कोंडून राहतं. आपल्या पूर्वजांनी सुतकाचे दिवस ठरवले त्यामागे हेही शहाणपण असावं.

जूनमध्ये बाबांचा फोन आला. हेच बाबा पहिल्यांदा इथे आले तेव्हा मोतीला "हाड्" करायचे, आणि परत जाताना विमानतळावर त्याच्याच गळ्यात पडले होते. म्हणाले, "काल माहुलीला जाऊन आलो. संगमावर मोतीच्या नावाने पाणी सोडलं. आईला सांगू नकोस."

मागून आईचा आवाज आला, "मला माहितीये सगळं! रेवा नीट जेवते ना, ते विचारा."

माझ्या ऑफिसातल्या नेपाळी मित्राकडून कळलं की नरकचतुर्दशीला त्यांच्याकडे 'कुकुर तिहार' असतो. त्या दिवशी कुत्र्यांना टिळा लावून गळ्यात झेंडूची माळ घालतात. यंदा पहाटेचं अभ्यंगस्नान झालं की रेवा मोतीच्या फोटोला माळ घालणार आहे.

आपल्या मंडळातही कुणाचा कुत्रा, कुणाची मांजर जाते. तेव्हा "दुसरा आणा" असं म्हणू नका. एक फोन करा, "वाईट झालं हो" म्हणा. तेवढंच पुरतं.

शुभ दीपावली!