कावळा बसला आणि फांदी मोडली

वाचकहो, नवी मुंबईहून वाशीचा खाडीपूल ओलांडून परळला गेलात, तर तेथे हाफकिन संस्थेची जुनी इमारत दिसते. एके काळी हा गव्हर्नरसाहेबांचा बंगला होता. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या बंगल्यात आली आणि तेथून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

यांतलीच एक बाटली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी पोहोचली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेथे १०७ माणसांना लस टोचण्यात आली. सुमारे आठवड्याने त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतले. बाकीच्या बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काही झाले नाही.

आता आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण एकोणीस कावळे आणि एकच फांदी, हा काही निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. संबंध होता, हे उघडच होते. प्रश्न एवढाच, की धनुर्वाताचे जंतू बाटलीत शिरले केव्हा? परळला बाटली भरताना, की मुल्कोवालला ती उघडताना?

चौकशी समितीने परळच्या प्रयोगशाळेकडे बोट दाखवले. हाफकिन यांचे काम गेले. १९०४ साली त्यांनी हिंदुस्थान सोडला. पण त्यांच्या बाजूच्या शास्त्रज्ञांनी काळाचाच हिशेब मांडला. बाटली कित्येक आठवड्यांपूर्वी भरलेली होती. जंतू तेव्हाच आत असते, तर त्यांचे विष साठून राहिले असते, लक्षणे लवकर दिसली असती आणि बाटलीला घाण वासही सुटला असता. तसा वास आला नव्हता. उलट, बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केलेला नव्हता. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांनी ही बाजू लढवली. १९०७ च्या जुलैत दहा नामांकित शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आले आणि त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांना पुन्हा काम देऊ केले. ते कलकत्त्याला रुजू झाले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचेच नाव मिळाले.

या इतिहासातून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. ‘लशीनंतर’ आणि ‘लशीमुळे’ हे दोन शब्द एक नव्हेत. आणि त्यांच्यातले अंतर मोजायचे, तर घड्याळ व पंचांग हवे. अमेरिकेने १९८६ साली लशीने इजा झालेल्यांना भरपाई देण्याचा कायदा केला, त्यात हेच तत्त्व आहे. तिथे एक तक्ता असतो: अमुक लस, अमुक इजा, अमुक मुदत. तीव्र ॲलर्जीचा झटका असेल, तर तो चार तासांच्या आत सुरू झालेला असावा लागतो. लक्षण मुदतीत बसले, की संबंध गृहीत धरतात. न बसले, तर पुराव्याचे ओझे अर्जदाराच्या डोक्यावर. आणि मुदत मोजतात ती लस टोचल्यापासून पहिल्या लक्षणापर्यंत. डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले त्या दिवसापर्यंत नव्हे.

म्हणून शिक्षकबंधूंनो, गावकरी मंडळींनो, एक साधी सवय लावून घ्या. लसीकरणाचे कार्ड जपून ठेवा. लस कोणती, कोणत्या तारखेला, किती वाजता टोचली, बाटलीचा क्रमांक काय, हे त्यावर आहे का ते पाहा. नसेल तर तिथल्या तिथे विचारून घ्या. नंतर ताप आला, सूज आली, मूल मलूल झाले, तर केव्हापासून ते त्याच दिवशी लिहा आणि आरोग्यकेंद्रात कळवा. महिन्याने आठवून सांगितलेल्या तारखेला कोण किंमत देणार? लस नाकारावी म्हणून हे सांगत नाही. प्लेगाच्या काळात याच लशीने असंख्य जीव वाचवले. पण ज्या घरावर आघात होतो, त्याला न्याय मिळायला नोंद हवी. आणि निर्दोष माणसावर बालंट येते, तेव्हा त्यालाही तीच नोंद तारते.