विळ्याच्या पेशीमागचे एक अक्षर

१९०४ च्या डिसेंबरात शिकागोच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात वॉल्टर क्लेमेंट नोएल हा वीस वर्षांचा विद्यार्थी दाखल झाला. वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून तो दातांचा डॉक्टर व्हायला आला होता. शिकाऊ डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स यांनी त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तांबड्या पेशी गोल चकतीसारख्या असायला हव्यात, पण यातल्या काही लांबट होत्या, वाकलेल्या, थेट विळ्यासारख्या. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ही हकिगत छापली. तोच विळा आज गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या पाड्यांवर ‘सिकलसेल’ म्हणून घरोघरी बोलला जातो. नोएल शिकून मायदेशी गेला, दवाखाना थाटला आणि १९१६ मध्ये, जेमतेम बत्तिशीत वारला.

पेशी वाकडी का होते, याचा माग निघायला पुढे चाळीस वर्षे लागली. १९१७ मध्ये व्हिक्टर एमेल यांनी एका रुग्णाच्या वडिलांचे रक्त काचपट्टीवर हवाबंद करून ठेवले. माणूस ठणठणीत होता, तरी त्याच्याही पेशी वाकल्या. हे घराण्यातून येते, याची ती पहिली खूण. १९४९ मध्ये जेम्स नील यांनी हिशेब नेमका मांडला. हा गुण आई किंवा वडील, एकाकडूनच आला तर माणूस वाहक. दोघांकडून आला तरच रुग्ण. त्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की या रुग्णांचे हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात निराळ्या वेगाने सरकते. म्हणजे खोट रेणूतच होती.

केंब्रिजच्या ज्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये डीएनएची पिळदार शिडी उभी केली, तिथेच व्हर्नन इनग्रॅम यांनी तीन-चार वर्षांत ती खोट पकडली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ओवलेली असतात. त्यातले सहावे तेवढे बदललेले होते: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन.

डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांच्या. ए समोर टी, जी समोर सी. अशा तीन अक्षरांचा एक शब्द आणि एका शब्दाला एक अमिनो आम्ल. अकराव्या गुणसूत्रावर जिथे जीएजी हवे, तिथे या लोकांत जीटीजी असते. एवढाच फरक. पण व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरणारे आहे. रक्ताने प्राणवायू सोडला, की हे रेणू एकमेकांना चिकटून दोरखंडासारखे लांबतात आणि पेशीला ताणून वाकवतात. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडा-सांध्यांत असह्य कळा उठतात.

इतके घातक अक्षर पिढ्यान्‌पिढ्या टिकले कसे? उत्तर १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतून आणले. वाहकाला मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून मोठे संरक्षण मिळते. डासांच्या मुलखात ज्याने मुले जगवली, तेच अक्षर वारशात उतरले. भारतात ते १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळले आणि नंतर मध्य भारतात, आपल्या विदर्भात आणि सातपुड्यातही. आपल्याकडे या अक्षराच्या आजूबाजूची ठेवण आफ्रिकेपेक्षा वेगळी आणि अरबस्तानाच्या पूर्व भागाशी जुळणारी आहे. त्यामुळे याला कुणी एका जातीचा किंवा जमातीचा डाग म्हणू लागले, तर ते अज्ञान आहे आणि अन्यायही.

तपासणी किती साधी! बोटाच्या टोकाचे थेंबभर रक्त परीक्षानळीतल्या द्रावणात टाकतात आणि नळीमागे रेघा छापलेला कागद धरतात. रेघा आरपार दिसल्या तर ठीक. द्रावण गढुळले आणि रेघा बुडाल्या, की हे अक्षर अंगात आहे. वाहक की रुग्ण, ते पुढे इलेक्ट्रोफोरेसिसने ठरते. तत्त्व पॉलिंग यांचेच, विजेच्या प्रवाहातल्या वेगाचे.

नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के. ‘प्रत्येक’ हा शब्द नीट ऐकायला हवा. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा अर्थ लावला जातो आणि घरे फसतात. दर खेपेला शक्यता नव्याने तेवढीच. आणि रुग्ण मुलाला एक अक्षर आईचे, एक बापाचे. सुनेला एकटीला बोल लावणाऱ्या प्रत्येक सासरी हे मोठ्याने सांगितले पाहिजे.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. मुदत २०४७ ची. तुमच्या घरी लग्न जुळत असेल, तर पत्रिका पाहा, न पाहा. मुलगा-मुलगी दोघांचेही रक्त तेवढे आधी तपासून घ्या.