राज्याचे हक्क : कोणाचे आणि कशासाठी?

मध्यवर्ती सत्तेविरुद्ध एखादे राज्य ताठ उभे राहिले की आपली सहानुभूती सहसा राज्याकडे जाते. आपण सीमाभागातील माणसे, आपली तर अधिकच. म्हणूनच अमेरिकेचे यादवी युद्ध (१८६१-६५) शिकवताना मी जॉर्जियाचा गव्हर्नर जोसेफ ब्राउन याची हकिकत आवर्जून सांगतो.

दक्षिणेतील राज्ये फुटून निघाली ती गुलामगिरी टिकवण्यासाठी. तोंडी घोष मात्र राज्यांच्या हक्कांचा होता. त्यांच्या फौजेत वर्षभराच्या बोलीवर आलेले स्वयंसेवक पुष्कळ होते. ती मुदत संपत आली, तेव्हा १६ एप्रिल १८६२ रोजी दक्षिणेच्या काँग्रेसने १८ ते ३५ वयाच्या गोऱ्या पुरुषांवर सक्तीची लष्करभरती लादली.

ब्राउन खवळला. फौज उभारणे आणि तिचे अधिकारी नेमणे हा राज्याचा अधिकार आहे, असे त्याने अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांना पत्रांमागून पत्रे लिहून बजावले. नोव्हेंबर १८६२ मध्ये जॉर्जियाच्याच सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, तरी तो नमला नाही. मुलकी नोकर आणि राज्याच्या राखीव दलाचे अधिकारी राज्यकारभाराला आवश्यक आहेत, असे सांगून त्याने त्यांना भरतीतून वाचवले.

डेव्हिस यांची बाजूही स्वच्छ नव्हती. ऑक्टोबर १८६२ मध्ये वीस गुलामांच्या मळ्यामागे एका गोऱ्याला भरतीतून सूट मिळाली. गरीब शेतकऱ्याला ना मळा, ना हुद्दा. त्याच्या वाट्याला बंदूकच आली.

२ सप्टेंबर १८६४ रोजी अटलांटा पडले. त्याच महिन्यात ब्राउनने राखीव दलाला सुगीसाठी रजा दिली. नोव्हेंबरात उत्तरेचा सेनापती शर्मन सुमारे ६० हजार सैन्य घेऊन समुद्राकडे निघाला. २२ नोव्हेंबरला ग्रिसवोल्डव्हिल येथे याच दलातील म्हातारे आणि कोवळी पोरे त्याच्या तुकडीवर चालून गेली आणि शेकड्यांनी घायाळ झाली. २१ डिसेंबरला सॅव्हाना शर्मनच्या हाती पडले.

१८६० च्या खानेसुमारीत जॉर्जियाची लोकसंख्या साडेदहा लाख होती. त्यांपैकी ४ लाख ६२ हजार गुलाम होते. ब्राउनच्या 'जॉर्जिया'त त्यांची गणती नव्हती. शर्मनची फौज पुढे सरकली, तशी त्यांतील हजारो माणसे तिच्या मागोमाग चालू लागली. राज्याच्या हक्काची भाषा कानी आली की त्या राज्यात कोण मोजला आहे आणि कोण वगळला आहे, हे मी आधी पाहतो. विद्यार्थ्यांनाही तेच सांगतो.